पस्तीस अंश

मे महिन्यात डेव्हलपर तापवावा लागत नाही.
गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बेचाळीस.
मला हवंय पस्तीस,
म्हणून मेंढेकाकूंच्या फ्रीजमधला बर्फ
पिशव्यांत बांधून ट्रेभोवती.

मिश्रणाला मात्र इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी,
इतवारीतून आणलेला पाच लिटरचा कॅन.
तराजू सोनाराचा.
आधी सल्फाइट, चिमूटभर.
मग कार्बोनेट, विरघळताना भांडं कोमट करणारं.
शेवटी ती पावडर:
सदरमधली लॅब बंद पडली तेव्हा
नगरारे मास्तरांनी उचलून आणलेल्या डब्याचा तळ.
साडेचार ग्रॅम. डब्यावरचं साल वाचायचं नाही.
"हातमोजे घाल बे, महिनाभर खाजवशील,"
मास्तर दाराबाहेरून, स्टुलावरून.
आत आले की वासानं दम लागतो त्यांना.

रंगीत कागदाला लाल दिवाही चालत नाही.
डोळे मिटले काय, उघडे काय.
ते बाहेर आकडे मोजतात,
कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून,
एक्केचाळीस, बेचाळीस,
मी ट्रे हलवतो, डावा कोपरा, उजवा कोपरा.

दहावीच्या सुट्टीत लागलो होतो कामाला.
पहिल्याच दिवशी एक नवरी समोर धरून त्यांनी विचारलं,
"चेहरा कसा दिसते?"
हिरवट, म्हटलं.
काही बोलले नाहीत. फिल्टर फिरवला. "आता?"
मला वाटलं, परीक्षा घेतात.
सहा वर्षं वाटत राहिलं.
मग एकदा गोकुळपेठच्या बाजारात
ते टमाटे निवडताना दिसले,
एकेक दाबून, एकेक नाकाशी धरून,
तरी पिशवीत निम्मे हिरवे,
आणि मी मेथीच्या रांगेत वळलो.

किती नवऱ्यांचा रंग मी ठरवला असेन,
मिसरूड न फुटलेला.

नव्वद.
ब्लीच-फिक्स. धुणं. दार.

ही निगेटिव्ह त्यांच्याच खिशातली,
बटर पेपरात घडी घातलेली.
फुटाळ्याच्या काठावर काकू, वाऱ्याला पाठ करून.
कडा गुलाबी आल्यात, पावडर म्हातारी.
मास्तर चष्मा कपाळावर सरकवतात,
कागदाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळू देतात.

"लुगडं कोन्त्या रंगाचं हाय?"

ओलं आहे, मास्तर, म्हणतो मी,
ओल्यात सगळं निळं दिसते.
सुकू द्या.

उरलेला डेव्हलपर बाटलीत भरतो,
बाटली दाबून हवा काढतो.
उद्यापर्यंत चहासारखा होईल.
ते अजून तिथेच उभे,
फोटो उजेडाकडे धरून.