सात बाइट

बॉयलरघरात रात्रपाळीला प्रोकोपी एकटाच.
बाहेर उणे एकावन्न. आत कोळसा, काळा चहा,
आणि शाळेने टाकून दिलेला संगणक.
त्याचं एक बटण मेलंय,
नेमकं 'तळं' या शब्दातल्या अक्षराचं.
ते अक्षर तो दर वेळी दुसऱ्या लेखातून उचलून आणतो.

दर तासाला भट्टीत फावडं.
मधल्या वेळात एक तळं.

तालुक्यात तळी सातशेच्या वर.
एकशे अठरा लिहून झाली, प्रत्येकी एक ओळ:
"कुबालाख – तळं."
त्याच्या साखा भाषेत 'आहे' लिहावं लागत नाही,
नाव आणि तळं शेजारीशेजारी ठेवली
की असतंच ते.

खाली आपोआप पट्टी उमटते:
हा लेख अपुरा आहे. भर घाला.
पहिल्यांदा तो चिडला होता.
हंसांच्या नावाचं तळं, त्यात आणखी काय घालायचं?

मग कुणीतरी घातलं.
'ऐताल७२', बाप्या की बाई कोण जाणे,
बहुधा याकुत्स्कात, बहुधा झोप न येणारं माणूस:
अक्षांश, रेखांश, खोली चार मीटर.
प्रोकोपीने पुढे जोडलं: मासे, सोबो.
थंडीत बर्फाला भोकं पाडून अख्खं गाव जाळं ओढतं.
वाटा सगळ्यांना सारखा, न आलेल्या म्हातारीलाही.
"संदर्भ?"
"मात्र्योना, वय त्र्याऐंशी."
"मात्र्योना चालत नाही."
खरंच होतं ते. दोन वर्षं ती अंथरुणातच.

म्हणून त्याने वाचनालयातून
चौऱ्याहत्तरची मोजणीची वही शोधून काढली.
तीत कुबालाख नव्हतंच.
जलाशय क्र. २१२. मत्स्योत्पादनास मध्यम.
तेही टाकलं, पान नंबरासकट.

जूनमध्ये फोटोसाठी घोड्यावरून गेला.
जमिनीखालचा जुना बर्फ वितळून
एक काठ खचला होता,
आणि पाणी कुणालाही न विचारता
नदीकडे निघून गेलं होतं.
चिखल. चिखलात वल्ह्याचा तुकडा.
काठावर एक गाय,
रोजच्या वेळेला प्यायला आलेली.
फोटो काढला. चढवला नाही.

आज सात महिन्यांनी तो लेख उघडतो.
'आहे' लिहावं लागत नाही त्या भाषेत,
पण 'होतं' लिहावंच लागतं.
एते.
तीन अक्षरं, दोन-दोन बाइटांची,
आणि आधीची एक मोकळी जागा.
मेलेलं बटण इथे लागतही नाही.

बदलांच्या यादीत नोंद पडते: अधिक सात.
म्हणजे लेख वाढला.
काय बदललंत, थोडक्यात सांगा,
ती चौकट तो रिकामी सोडतो.
पट्टी जिथल्या तिथे.

पहाटेपर्यंत ऐतालने ते खोडलं नाही,
संदर्भही मागितला नाही.

प्रोकोपी राख उपसतो, हात पुसतो.
एकशे एकोणिसावं लिहायच्या आधी
त्या बाजूच्या गावाला फोन लावून विचारतो,
आहे ना?