खिसा

गुरुवारी, बाजार उठला की
जिंतूरच्या समाजमंदिरात आम्ही नऊ जणी.
नसीमआपा चष्म्याशिवाय सुई ओवतात.
सोजरचा टाका मुंग्यांची रांग,
माझा, त्या म्हणतात, पिऊन घरी निघालेला माणूस.

आठ वाकळा परभणीच्या दवाखान्याला द्यायच्या.
खाटेवरच्यांना नाही,
व्हरांड्यात फरशीवर निजणाऱ्या त्यांच्या माणसांना.

केवळबाईनं पिशवीतून खाकी सदरा काढला.
एस्टीचा. छातीवर बिल्ल्याची भोकं.
कुणी काही विचारलं नाही.
मी खिसा उसवायला कात्री घेतली
तर म्हणाली, राहू दे,
सुट्टे त्यातच ठेवायचे.

मग खिशाच्या कडेकडेनं धावदोरा,
तोंड तेवढं उघडं.
त्या दिवशी घरी जायला उशीर झाला,
माझी भाजी करपली.

दुसऱ्या खेपेला गेलो
तर जिन्याखाली एक बाप्या झोपलेला,
खाकी ठिगळ पोटावर आलेलं.
खिशात घडी घातलेला केसपेपर
अन् बिस्किटाचा अर्धा पुडा.

केवळबाई वाकली. खूप वेळ वाकलेलीच.
वाटलं, आता रडते.
ती खिशाच्या कोपऱ्याला
सुटत आलेला दोरा चाचपत होती.
हळूच म्हणाली,
"हा टाका तुझाच गं."