बेचाळीस इंच

वाइल्डवुडच्या फळ्यांवर, ड्रॅगन कोस्टरच्या तोंडाशी
उभी राहून मी पोरांची उंची मोजते.
छातीवर बिल्ला: मृण्मयी, इंडिया.
सगळे माया म्हणतात; जोडाक्षर पेलत नाही.

एक पोरगा रोज अर्ध्या इंचाने हुकतो.
आज बुटात रुमाल कोंबून आलाय.
“टाचा टेकव,” मी म्हणते, सुपरवायझरच्या आवाजात.
रुमाल काढताना तो बघतो माझ्याकडे,
व्हिसाच्या काचेपलीकडच्या बाईकडे
मी बघत होते तसा.

रात्री रादोस्तिना आणि मी सायकली ढकलत घरी.
सात जणी, एक फ्रिज, दुधावर जिचं तिचं नाव.
ती विचारते, तू बसलीस का कधी त्यात?
घरी कळवलंय, रोज बसते.

लेबर डेला पार्क बंद.
तोवर वाढ रे बाबा, अर्धा इंच.