दार, सात वेळा

थिस्टेडच्या शाळेत डिसेंबरात
साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
मी फळ्यावर कविता लिहिते,
जुन्या वेड्यांच्या इस्पितळातल्या कुणा रुग्णाची.
नाव नाही, नुसता खाटेचा आकडा: एकोणीस.
सात कडवी. ओळीला आठ अक्षरं.
गुरू लघु, गुरू लघु,
जड पाऊल, हलकं पाऊल,
बंद खोलीत कुणी येरझाऱ्या घालाव्यात तशी.

यमक शोधा, म्हणते मी.
पेन्सिली खरखरतात.
प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'डोर'.
डोर म्हणजे दार.
डोर म्हणजे मरतो.
आम्ही डॅनिश माणसं दोन्ही एकसारखंच लिहितो;
बोलताना मात्र दारासाठी
जबडा किंचित जास्त उघडतो,
आणि दोन्हींच्या शेवटी घसा क्षणभर अडतो,
घास अडकावा तसा.
कुठल्या कडव्यात दार, कुठल्यात मरण,
कागद सांगत नाही.

"पुनरुक्तीमुळे परिणाम गडद होतो,"
सोल्वाय वहीतून वाचते.
बरोबर. वीस वर्षं हे उत्तर मीच लिहून देत आले.
परीक्षेत त्याला गुण आहेत.

मग सातवं कडवं.
शेवटच्या ओळीत सहाच अक्षरं.
एक जड, एक हलकं,
दोन पावलं गायब.
नक्कल करणाऱ्या कारकुनाची चूक, मी म्हणते,
आणि फळ्यावर तसं लिहिते.
किंवा तोवर त्याचं भान सुटलं असेल.
वेड्याला कुठलं आलंय वृत्त?

मागच्या बाकावरून एस्किल,
जो ऑगस्टपासून एक अक्षर बोललेला नाही:
"चूक नाही ती.
तो थांबलाय.
बाहेर कुणी आलं का, ऐकतोय."

मग खाली बघत,
बाकाची कड नखाने खरवडत:
"माझी आई रात्री विचारते, शेगडी बंद आहे ना?
पहिल्यांदा ती शेगडीबद्दल विचारते.
दुसऱ्यांदा माझ्याबद्दल.
चौथ्यांदा, ती स्वतः अजून आहे का, याबद्दल.
शब्द तेच असतात.
मी दर वेळी हो म्हणतो.
माझा हो मात्र खराब होत जातो."

कुणी हसलं नाही.
रेडिएटर टकटकत राहिला,
कुठल्याच वृत्तात न बसणारा.

मी 'चूक' पुसली.
तिथे काय लिहावं सुचेना.
जडाला आडवी रेघ आहे, हलक्याला वाटी,
ऐकत उभं राहण्याला
आमच्याकडे खूण नाही.
घंटा झाली. खुर्च्या सरकल्या.
एस्किल सगळ्यांच्या आधी गेला.

घरी जाताना फ्योर्डच्या काठाला गाडी थांबवली,
वायपर बंद केले,
आणि सातही कडवी मोठ्याने म्हटली,
बोटाने स्टिअरिंगवर ताल धरून.
सहा वेळा डोर, सहा वेळा घसा अडला.
सातव्या वेळी, जिथे दोन अक्षरं नाहीत
तिथे बोट आपोआप हवेत राहिलं.

मग तो शब्द म्हटला.
जबडा किती उघडला होता,
माझ्या लक्षात आलं नाही.