आधी पाठ बघायची

कुडचड्याच्या बाजारात, मासळीच्या मागच्या जिन्यावर
माझं दुकान. खाली बर्फ फुटतो,
वर मी स्क्रू मोजतो.
खाणी जोरात होत्या तेव्हा लॅपटॉप उघडला
की पंख्यातून तांबडी धूळ निघायची, चमचाभर.
आता धूळ कमी.
आता फुटलेले पडदे येतात.

लोक विचारतात, पंधरा इंची आहे, बसेल ना?
मी म्हणतो, इंच शेवटी.
आधी पाठ बघायची.
पडदा उलटा केला की मागे एक स्टिकर असतो
मुंगीच्या अक्षरांत. तिथलं नाव खरं;
झाकणावर असतं ते आडनाव.
एकाच आडनावाच्या तीन मशिनांत
तीन कारखान्यांचे पडदे पाहिलेत मी.

मग पिना मोजायच्या. तीस, नाहीतर चाळीस.
आईनं आजवर सहा पत्रिका आणल्या माझ्यासाठी.
शेवटची, छत्तीसपैकी तेहेतीस.
मी म्हटलं, माझ्या धंद्यात
तेहेतिसावर काहीच पेटत नाही.
दोन दिवस ती बोलली नाही.

पण चाळिसात चाळीस गेले
म्हणजे जुळले असंही नाही.
हे मी इस्पेरांस कुलासोच्या लॅपटॉपवर शिकलो.

सावर्ड्याहून आली होती, पूल ओलांडून,
मशीन उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
मुलानं स्विंडनहून पाठवलेलं,
तीनच्या आकड्यावर पौंडाचं चिन्ह.
पडद्यावर नातवाचा पाय पडलेला.
माझ्याकडे चाळीस पिनांचा एक होता.
टक् करून बसला. गोड आवाज आला.
स्टिकर मी वाचला नाही,
बॅटरीही सोडवली नाही,
जी आधी सोडवायची असं शिकाऊ पोरांना
रोज ओरडून सांगतो.
जेवणाची वेळ होती.

एकदा उजेड आला आणि गेला.

नाचणीच्या दाण्याएवढा फ्यूज असतो आत.

मी जुना पडदा परत लावला,
दिवे बंद केले, टॉर्च तिरका धरला.
काचेच्या तळाशी, गढूळ पाण्यात दिसावं तसं
सगळं जागेवर होतं:
घड्याळ, फोल्डर, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो.
चित्र होतं. फक्त उजेड नव्हता.
ती वाकली, म्हणाली,
"आसा मरे सगळें! मग असोच दी पुता,
हांव टॉर्च धरतां."

तेव्हा सांगावं लागलं.
मशीन नाही, मी चुकलो.
ती काही बोलली नाही. पाकीट मात्र
परत ब्लाउजात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फ्यूज बदलला, भिंगाखाली,
श्वास धरून.
मग माझा तपासणीचा पडदा काढला.
कोपरा उडालेला, चौकट नाही,
तिसाची एक वायर, चाळिसाची एक.
दहा वर्षांत हजारेक मशिनांना
त्यानं तोंड दाखवलंय,
एकाच्याही झाकणात राहिला नाही.
तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला. पेटला.

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला.
कॅमेरा रिकाम्या झाकणात, वर;
मुलगा टेबलावर, डब्याला टेकलेला.
ती त्याच्याकडे बघत होती
आणि त्याला दिसत होता तिचा कान.
"मामा, खंय पळयता तूं?"
"तुकाच रे!"
"ना, तूं वणटीक पळयता."

शेवटी मी पडदा उचलला,
झाकणाच्या पोकळ चौकटीत
दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो, मागून,
म्हणजे मला दोघंही दिसत नव्हते.
फक्त पाठ. स्टिकर. मुंगीची अक्षरं.
नऊ मिनिटं.
भाताचं काय झालं, डॅरेलचा दात पडला का,
तिकडे थंडी आहे का.
खांदे भरून आले. खाली बर्फ फुटत होता.

अकराव्या दिवशी मुंबईहून पार्सल आलं.
जेवायला आई हाक मारत होती, येतो म्हटलं.
आधी पाठ बघितली.