मिथाइलचा कोपर

हुपरीहून सकाळची पहिली केएमटी.
पिशवीत डबा, वहीत गुंडाळून
बाबांनी दिलेली अर्ध्या तोळ्याची चांदीची तार.
"जोडणीला लागती म्हणालीस न्हवं?"

विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर,
बर्फात बसवलेल्या चंचुपात्रात
ॲनिलीन साखळी धरायला लागतं.
बराच वेळ काही नाही. मग निळसर झाक,
मग पाठ फिरवली की हिरवं.
तो क्षण मी दर वेळी चुकवते.

आज काचपट्ट्यांवर दोन थर.
पहिला साधा.
वलयाला वलय लागून, जवळजवळ एका पातळीत,
आम्ल पिऊन तरतरीत.
चार सुया टेकवल्या, आकडा थोडा थरथरला
आणि थांबला. चांगला होता.

दुसऱ्यात प्रत्येक वलयावर एक मिथाइल जास्तीचं.
एक कार्बन, तीन हायड्रोजन,
पंगतीत शेजाऱ्याला लागणाऱ्या कोपराएवढं.
शेजारचं वलय अंग चोरून किंचित वळतं,
त्याच्या पलीकडचंही,
आणि अख्खी साखळी पिळत जाते.
रंग तोच, जाडी तीच.
वीज शंभरावा हिस्सा.

सरनाईक सर म्हणाले, पुन्हा मोजा.
पुन्हा मोजलं.
तेवढीच.

संध्याकाळी बाबा पाय भिंतीला रोवून
जंत्रीतून तार ओढत होते.
एकेका भोकातून बारीक, लांब, आणखी बारीक.
"प्लास्टिकातनं वीज जाती व्हय?"
जाते, पण साखळी सरळ पाहिजे.
त्यांनी अर्धवट पैंजण दिव्याखाली धरलं,
एक कडी चिमटीनं पिळली,
आणि टोकापर्यंत पळणारी चमक
मध्येच तुटली.
"अशी?"
मी चार वर्षं जे लिहितेय, ते एवढंच.

"मग वितळव की. आम्ही वितळवतो."
माझी वितळत नाही, बाबा. वितळायच्या आधी जळते.
ते गप्प झाले. चांदीच्या माणसाला
हे ऐकायला जड गेलं असावं.

एक द्रावक आहे, म्हटलं,
त्यात गुंडाळी सैल होते म्हणतात.
वास दवाखान्यासारखा. उद्या बघते.

आईनं पाणी ओतलं, आम्ही मोरीत हात धुतले:
त्यांची बोटं तेजाबानं पिवळी,
माझी नखांपाशी हिरवी.
दोघांचंही निघालं नाही.
"जेवा तसंच," आई म्हणाली.