सतरा नंबर

लिलाववाल्यांचा पोरगा सोमवारी येणार,
त्याआधी प्रत्येकीच्या चापाला
दोऱ्याने चिठ्ठी बांधायची आहे.
सफरचंदांची टोपली बाजूला सारून
टेबलावर डेलबर्टची वही उघडलीय.
मुंगीच्या पायांचं अक्षर.

नंबर एक : रीडिंगजवळ, तबेल्यात मिळाली. दस्त्यावर कोंबड्यांची शीट.
नंबर चार : पिस्तूल. जोडीतलं एकटं. दुसरं शोधतोय.
त्याखाली दर वर्षी तेवढंच, शोधतोय,
बावीस वेळा,
शाई तेवढी बदललेली.

नंबर नऊ दोनशेला पडली म्हणाला होता.
वहीत अठराशे.
त्या हिवाळ्यात मी जुन्याच कोटाला नवं अस्तर लावलं,
तर म्हणाला, छान दिसतेस.
मेल्या, म्हणाले मी मोठ्याने,
आणि जीभ चावली.
इतकी वर्षं दिलेली शिवी
आता नुसती माहिती झालीय.

पारख त्यानेच शिकवली.
चकमकीचा घोडा काढून कुणी टोपीचा बसवलेला,
मग शंभर वर्षांनी कुणा लबाडाने
पुन्हा चकमकीचा केलेला :
नवं पितळ हसतं, लोर्ना,
जुनं नुसतं बघतं.

भरलेली आहे का, तेही बघायचं.
गज नळीत सोडायचा, तोंडाशी बोटाची खूण धरायची,
बाहेर काढून नळीवरच आडवा ठेवायचा.
ठिणगी जिथून आत शिरते त्या कानापर्यंत पोचला
तर रिकामी.
सोळा जणी रिकाम्या निघाल्या.

सतरावी आमच्या पलंगावर टांगलेली असायची.
नळीवर कोरलेलं, या. केम्फर, ओली.
मेपलचा दस्ता, त्यात वाऱ्याने हललेल्या पाण्याच्या रेषा,
पितळी झाकणाखाली सुकलेली चरबी,
चरबीत कुणाच्या तरी बोटाचा खळगा.
गज सोडला.
चार बोटं अलीकडेच थांबला.
पुन्हा सोडला. ठक्.
आत कुणीतरी आहे, असा आवाज.

वहीत बघितलं.
नंबर सतरा : भरलेली. राहू दे.
तारीख आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षाची.

एकतीस वर्षं!
दोन बाळंतपणं, त्याचा न्यूमोनिया,
तो अबोल्याचा अख्खा उन्हाळा,
सगळं त्या नळीखाली.
तो असता तर म्हणाला असता,
कानात रंजक नाही, घोड्याला गारगोटी नाही,
ती काय उडतेय?
ते खरंच. पण सांगायचं तरी.

रात्री झोप लागेना.
कुणी ठासला असेल हा बार, आणि मग का नाही काढला?
हरीण झाडीत शिरलं असेल.
किंवा दारावरची थाप
ओळखीची निघाली असेल.

सोमवारी टोबायस आला. नळीत तेल सोडून ठेवलं,
जेवण झाल्यावर गजाला स्क्रू लावून
हळूहळू, दाढ उपटावी तसं ओढलं.
आधी शिशाची गोळी, मातकट, बोरापेक्षा लहान.
मग तिच्याभोवतीचं कापड :
निळ्या चौकड्यांचं, एका कडेला
अजून तुरपाई शाबूत.
कुणाचा तरी झगा होता हा.
कापणाऱ्याने विचारून कापला का, कोण जाणे.

दारू वर्तमानपत्रावर ओतली, खसखशीएवढी.
चिमूटभर पेटवून बघू का, त्याने विचारलं.
अंगणात, बर्फावर, पत्र्याच्या झाकणात.
मला वाटलं होतं फुसका निघेल.
भप्पकन उजेड झाला,
टोबायसच्या भुवया थोडक्यात वाचल्या,
आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

सतराच्या चिठ्ठीवर लिहिलं, रिकामी.
कापड माझ्या शिवणाच्या डब्यात.

गाडी भरताना पोरगा म्हणाला,
बाई, यादीत एक कमी भरतंय.
भरू दे, म्हटलं.

संध्याकाळी वहीत, बाविसाव्या ओळीखाली,
माझ्या टपोऱ्या अक्षरात :
नंबर चार. शोधतेय.